इंजिनावरचा आळ

१२ ऑक्टोबर १९९७ च्या संध्याकाळी कॅलिफोर्नियातल्या मॉंटेरे उपसागरात, किनाऱ्यालगत, एक छोटं विमान कोसळलं. ते चालवत होता गायक जॉन डेन्व्हर, ज्याची गाणी आपल्याकडच्या कॉलेज गॅदरिंगमध्येही गिटारवर वाजत आली आहेत. किनाऱ्यावरच्या काही जणांनी इंजिनाचा आवाज एकाएकी मंदावलेला ऐकला होता. इंजिन बंद पडलं आणि विमान पडलं, असं कुणीही म्हणेल. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली तेव्हा इंजिन निर्दोष ठरलं.

विमान होतं लाँग-ईझी. बर्ट रुटानच्या आराखड्यांवरून हौशी लोक घरी बांधतात, त्यातलं. एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर इंधन वळवायचा कॉक मूळ आराखड्यात वैमानिकाच्या पुढ्यात होता. बांधणाऱ्याने तो त्याच्या डाव्या खांद्यामागे नेला, इंधनाच्या नळ्या कॉकपिटमध्ये नकोत या चांगल्या हेतूने. इंधनाची पातळी दाखवणाऱ्या काचा आसनाच्या मागे, आणि त्यांवर खुणा नाहीत. त्या दिसाव्यात म्हणून तंत्रज्ञाने डेन्व्हरला एक आरसा दिला. कॉकपर्यंत हात पोचावा म्हणून त्याला पकड लावून पाहिली, तरी हात पोचेना. इंधन भरायचं का, असं विचारल्यावर तासाभराचंच तर उड्डाण आहे, नको, असं त्याने सांगितलं. हवेत गेल्यावर एक टाकी आटली. उजवा हात डाव्या खांद्यामागे न्यायचा तर अंग पूर्ण वळवावं लागतं, आणि अंग वळवताना उजवा पाय आपसूक रडरवर दाबला जातो. विमान कलंडलं आणि सरळ खाली गेलं. डेन्व्हरला अडीच हजारांहून अधिक तासांचा अनुभव होता.

हे प्रकरण मी एवढ्या तपशिलात सांगितलं, कारण हलक्या विमानांच्या इंजिनांविषयीची आपली सगळी चर्चा चुकीच्या जागी अडकते ती इथे दिसते. इंजिन भरवशाचं आहे की नाही, असं आपण विचारतो, जणू भरवसा हा क्रँककेसच्या आत भरून कारखान्यातून येतो. माझं म्हणणं असं, की त्यातला मोठा वाटा इंजिनाच्या बाहेर असतो. तो टाकीत, हवेत, हँगरमध्ये आणि माणसाच्या सवयीत असतो. आपण काळजी आणि पैसा मात्र धातूवर खर्च करतो.

त्याच मंडळाने २०१७ मध्ये इंधनाच्या हाताळणीवर वैमानिकांसाठी एक इशारा काढला. २०११ ते २०१५ या काळात अमेरिकेत खासगी आणि हलक्या विमानांना दर वर्षी पन्नासहून अधिक अपघात निव्वळ इंधनामुळे झाले होते. काहींची टाकी संपली होती, तर काहींमध्ये टाकीत इंधन असूनही ते इंजिनापर्यंत पोचलं नव्हतं. यातल्या ९५ टक्के प्रकरणांत माणसाचा वाटा होता. म्हणजे दर आठवड्याला एक धडधाकट इंजिन उपाशी ठेवून बंद पाडलं जात होतं.

आता त्या इंजिनाविषयी. सेस्ना १७२ हे जगात सर्वाधिक बनलेलं विमान आहे. १९५६ पासून आजवर चव्वेचाळीस हजारांहून अधिक. त्यातल्या बहुतेकांच्या नाकात लायकमिंगचं चार सिलिंडरचं, हवेने थंड होणारं इंजिन असतं. मूळ आराखडा १९५० च्या दशकातला. सव्वापाच लिटरच्या या धुडातून जेमतेम १६० अश्वशक्ती निघते. आजच्या मोटारीचं दीड लिटरचं टर्बो इंजिन तेवढीच शक्ती हसत देतं. त्यामुळे मोटारीच्या शौकिनांना हे इंजिन म्हणजे संग्रहालयातली वस्तू वाटते. पण ते आळशी ठेवलंय ते मुद्दाम. जास्तीत जास्त २७०० फेरे, म्हणजे पंखा थेट क्रँकशाफ्टला जोडता येतो, मधे गिअर नाही. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि त्यांना ठिणगी पुरवणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो. मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः तयार करतो. बॅटरी मेली, अल्टरनेटर गेला, कॉकपिटमधला एकूणएक दिवा विझला, तरी इंजिनाला त्याची खबर नसते. याउलट रोटॅक्स कंपनी आपल्या दोन-स्ट्रोक इंजिनांच्या पुस्तिकेत सरळ छापते, की हे इंजिन अचानक बंद पडू शकतं. निर्मात्याने इतकं स्पष्ट लिहावं याचं मला कौतुक वाटतं, आणि ते वाचूनही लोक दाट जंगलावरून अल्ट्रालाइट नेतात याचं आश्चर्य.

या मजबुतीला मोठा इतिहास आहे. १९०३ मध्ये राइट बंधूंसाठी चार्ली टेलरने बनवलेलं इंजिन बारा अश्वशक्तीचं होतं आणि पहिल्या दिवशी त्याला मिनिटभराहून जास्त सलग उडायची वेळ आली नाही. १९२७ साली एकट्याने अटलांटिक ओलांडणाऱ्या लिंडबर्गचं राइट व्हर्लविंड साडेतेहतीस तास अखंड चाललं. दरम्यानच्या आणि नंतरच्या काळात वैमानिक खिशात काय घेऊन फिरत, याची एक गोष्ट आपल्याकडची आहे. आगाखानांनी भारत आणि इंग्लंडमधलं अंतर एकट्याने पार करणाऱ्या भारतीयासाठी बक्षीस लावलं. १९३० मध्ये जे. आर. डी. टाटा कराचीहून लंडनकडे निघाले, अ‍ॅस्पी इंजिनिअर लंडनहून कराचीकडे. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली तेव्हा अ‍ॅस्पी स्पार्क प्लगसाठी अडून बसले होते. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले. अ‍ॅस्पींनी स्पर्धा जिंकली आणि पुढे ते भारताचे हवाई दलप्रमुख झाले. ही गोष्ट नेहमी खिलाडूवृत्तीचं उदाहरण म्हणून सांगतात. मला त्यात दुसरंच दिसतं. प्लग काजळणारच, हे जेआरडींनी घरून निघतानाच धरलेलं होतं.

दोनच वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जेआरडींनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, आणि तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बळ्ळारीमार्गे मद्रासला नेलं. विमानं पुस मॉथ, एकेका इंजिनाची. रेडिओ नाही. त्या सेवेने पहिलं वर्ष शंभर टक्के वक्तशीरपणे पूर्ण केलं, पावसाळ्यातल्या सह्याद्रीसकट. एका वर्षाच्या नोंदीवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, हे खरंच. नशीब त्यातही असतंच. पण जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचं तेव्हा टाटांनी काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. त्यांनी सगळा कारभार त्या महिन्यांपुरता पुण्याला हलवला. ते इंजिन आजच्या इंजिनापेक्षा उणंच होतं. कमी पडणारा भरवसा त्यांनी अशा निर्णयांतून भरून काढला.

धातूवरच्या अंधश्रद्धेला पहिला मोठा धक्का एका जीवशास्त्रज्ञाने दिला. सी. एच. वॉडिंग्टन हे भ्रूणशास्त्रातलं मोठं नाव. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये, पाणबुड्या शोधणाऱ्या विमानांच्या कामावर संशोधन करत होते. लिबरेटर विमानांची दर पन्नास तासांनी सक्तीची तपासणी होई. वॉडिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयत्या वेळच्या बिघाडांचा आलेख मांडला. अपेक्षा अशी, की तपासणीनंतर बिघाड कमी असतील आणि पुढची तपासणी जवळ येईल तसे वाढत जातील. आलेख उलटा निघाला. तपासणीनंतर लगेच बिघाडांची गर्दी, आणि जसजसे तास जात तसतसे ते कमी. तपासणीच विमानं बिघडवत होती. सर्व्हिसिंगहून आणलेल्या मोटरसायकलला नवाच खडखडाट लागल्याचा अनुभव ज्याला आहे, त्याला हे पटायला आलेखाची गरज नाही. पण हवाई दलाला होती, आणि आलेख पाहून त्यांनी वेळापत्रक बदललं, निरुपयोगी कामं गाळली, हे त्यांच्या मोठेपणाचं.

यानंतर १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी अहवाल लिहिला. त्यांनी तपासलेल्या विमानभागांपैकी ८९ टक्के भागांना ठरावीक तासांनी बदलण्याचा काहीच फायदा नव्हता. वय आणि बिघाड यांचा सरळ संबंध सापडला तो उरलेल्या ११ टक्क्यांत. हे आकडे प्रवासी जेट विमानांचे आहेत, पिस्टन इंजिनाला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. झडपा झिजतात, सिलिंडरला तडे जातात, हे कुणी नाकारत नाही. तरी लायकमिंगची शिफारस बघा: २००० तास किंवा बारा वर्षं, जे आधी येईल ते, मग इंजिन पूर्ण उघडा. चांगलं चाललेलं इंजिन उघडलं की शेकडो नट, गास्केट, बेअरिंग पुन्हा माणसाच्या हातून बसणार. २००२ च्या सुमारास याच कंपनीच्या मोठ्या टर्बो इंजिनांचे क्रँकशाफ्ट तुटू लागले आणि इंजिनं परत बोलवावी लागली. दोष धातूच्या घडणीत होता. नवं म्हणजे सुरक्षित, हे समीकरण तिथे साफ कोसळलं.

मग काय करायचं? इंजिनाला बोलतं करायचं. दर वेळी तेल बदलताना फिल्टर कापून, त्याच्या घड्या उलगडून चुंबकाने धातूचा कीस शोधायचा. प्लगच्या छिद्रातून छोटा कॅमेरा घालून झडपांच्या कडा पाहायच्या, कारण जळू लागलेल्या झडपेचा रंग सारखा राहत नाही. प्रत्येक सिलिंडरच्या तापमानाची नोंद ठेवायची. लक्षण दिसलं तर हात घालायचा, नाही तर घालायचा नाही.

या विचाराचा मी समर्थक आहे, पण एक गोष्ट त्याच्या विरोधात सांगितली पाहिजे, आणि ती आपल्याकडे जास्त लागू पडते. स्वतःचं विमान स्वतः उडवणारा, फिल्टर स्वतः कापून पाहणारा माणूस लक्षणांवर विसंबू शकतो. दिवसाला सहा विद्यार्थी उडवणाऱ्या संस्थेत फिल्टर कोणी कापला, कीस कोणी पाहिला, आणि दिसलेलं वहीत लिहिलं की नाही, हे कोण बघणार? तिथे तासांची सक्त मर्यादा वैज्ञानिकदृष्ट्या भोंगळ असली, तरी तिच्याशी हुज्जत घालता येत नाही. ‘अजून शंभर तास चालेल की’ म्हणणाऱ्या मालकापुढे नोकरी सांभाळणाऱ्या मेकॅनिकला तिचाच आधार असतो. म्हणून मर्यादा उठवा असं मी म्हणत नाही. मर्यादा पाळली म्हणजे इंजिन सांभाळलं, हा समज तेवढा सोडून द्यावा.

कारण इंजिनाला सर्वांत जास्त खातो तो आळस. लायकमिंगच्या बहुतेक इंजिनांत कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. विमान उभं राहिलं की तेल ओघळून खाली जातं आणि कॅमची तोंडं उघडी पडतात. कोकणची किंवा मुंबईची दमट हवा, चार महिन्यांचा पावसाळा, हँगरबाहेर ताडपत्रीखाली उभं विमान. कॅमवर गंज धरतो आणि पुढच्या उड्डाणांत तो कानशीसारखा घासत जातो. तासांच्या वहीत हे इंजिन तरुणच दिसतं. काही मालक दर रविवारी पाच मिनिटं इंजिन सुरू करून समाधानाने घरी जातात. ते न सुरू करण्यापेक्षा वाईट. ज्वलनातून पाण्याची वाफ तयार होते, तेल पुरतं तापत नाही, आणि ती वाफ आतच थिजून बसते. तेल ७५ ते ९० अंशांपर्यंत तापवून निदान अर्धा तास उडवलं तरच उपयोग.

आणि हवा. कार्बोरेटरमधल्या बर्फाविषयी महाराष्ट्रातल्या माणसाला सांगितलं तर तो हसतो. बाहेर तीस अंशांचा उकाडा आणि आत बर्फ? पण कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जाताना तिचा दाब उतरतो, त्यातच पेट्रोलची वाफ होते, आणि तापमान वीस-तीस अंशांनी सहज खाली येतं. हवा दमट असेल तर गळ्याच्या भिंतीवर हिमकण जमतात. उतरताना, थ्रॉटल मागे घेतलेला असताना, धोका सगळ्यांत जास्त. इंजिन हळूहळू घोगरं होतं, फेरे उतरतात. उपाय साधा आहे. एक दांडी ओढली की एक्झॉस्टभोवतीची गरम हवा आत येते. पण मग वितळलेलं पाणी सिलिंडरमध्ये जातं आणि इंजिन आधी आणखीच खोकतं. न शिकलेला किंवा घाबरलेला वैमानिक दांडी पुन्हा आत ढकलतो, आणि इंजिन खरोखर बंद पडतं. तपास करणारे पोचेपर्यंत बर्फ वितळून गेलेला असतो. इंजिन सुरू करून पाहावं तर उत्तम चालतं.

इंजिन थांबलं तरी विमान उडतंच असतं, हे मात्र बाहेरच्या लोकांना फारसं माहीत नसतं. सेस्ना १७२ एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जातं. हजार फुटांवरून जवळपास पावणेतीन किलोमीटर. हे अंतर मिळवायला वेग मात्र नेमका राखावा लागतो, पासष्ट-अडुसष्ट नॉटच्या आसपास. प्रशिक्षणात प्रशिक्षक थ्रॉटल मागे ओढतो, विद्यार्थी शेत निवडतो, पाठ केलेली यादी म्हणतो, आणि काही शे फुटांवर थ्रॉटल पुन्हा पुढे जातो. हा सराव हवाच. पण त्यात एक खोट आहे. विद्यार्थ्याला प्रशिक्षकाच्या हाताची हालचाल दिसते, उंची भरपूर असते, आणि इंजिन परत येणार हे दोघांनाही ठाऊक असतं. खरं इंजिन असं शिस्तीत जात नाही. ते अर्धवट चालतं, मधूनच जोर धरतं, आणि वैमानिकाला आशेवर ठेवतं. पूर्ण मेलेलं इंजिन निर्णय सोपा करतं. अर्धमेलं माणसाला विमानतळ गाठण्याच्या मोहात पाडतं, आणि मधल्या वाटेतली चांगली शेतं एकेक करून मागे पडत जातात.

सर्वांत घातक मोह उड्डाणानंतर लगेचचा. चारपाचशे फुटांवर इंजिन गेलं की मागे धावपट्टी असते, ओळखीची, लांबलचक, डांबरी. वळायचंच, असं वाटतं. पण ते वळण १८० अंशांचं नसतं. पट्टीच्या रेषेत परत यायचं तर २६०-२७० अंश फिरावं लागतं. ४५ अंश कलून वळलं तर ज्या वेगाला पंख उचल सोडतात तो वेग १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. वैमानिक घाईत जास्त कलतो, नाक वर ओढतो, आणि एक पंख आधी ढेपाळतो. समोरच्या शेतात, ऊस असो की ज्वारी, पंख सपाट ठेवून उतरणारे बहुधा चालत बाहेर येतात. यातही वेगाचा हिशोब आहे. सत्तर नॉटने टेकलेल्या विमानात पन्नासच्या मानाने जवळजवळ दुप्पट ऊर्जा असते, आणि ती ऊर्जा शेवटी कुठे तरी जिरावीच लागते.

मग दोन इंजिनं घ्या, असं लोक सुचवतात. लिंडबर्गच्या आधी अटलांटिक ओलांडायला रेने फाँक तीन इंजिनांचं सिकोर्स्की घेऊन निघाला होता. सप्टेंबर १९२६ मध्ये ते न्यूयॉर्कच्या धावपट्टीवरूनच नीट उठलं नाही, जळालं, आणि चालक दलातले दोघे गेले. अतिवजन हे त्याचं कारण. लिंडबर्गचा तर्क असा होता, की इंजिनं वाढवली की बिघाडाच्या जागा वाढतात. हलक्या द्विइंजिनी विमानात एक इंजिन गेलं तर शक्ती निम्मी राहते, पण वर चढण्याची क्षमता जवळपास ऐंशी टक्क्यांनी घटते. वेग कमी असेल तर चालू इंजिनच विमान उलटं करू शकतं. सराव पक्का असलेल्याला दुसरं इंजिन वाचवतं. सराव नसलेल्याला ते नवा धोका देतं. पॅराशूटबद्दल मी इतका कडवट नाही. सिरसने आपल्या विमानांना रॉकेटने उघडणारी अख्ख्या विमानाची छत्री बसवली, आणि तिने माणसं वाचवली आहेत. पण तीही पुरेशी उंची असेल आणि हात वेळेत दांडीकडे गेला तरच.

आता इथलं. व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे २०० तास लागतात आणि खर्च लाखोंच्या घरात जातो. बारामती, गोंदिया, धुळे, नागपूर, अशा ठिकाणी गावागावांतून आलेली मुलं हे तास गोळा करत असतात. कुणाचं शेत विकलेलं असतं, कुणाचं कर्ज काढलेलं. अशा मुलीला एकटीने उडताना धावपट्टीच्या तोंडाशी मॅग्नेटो तपासायचा असतो. १७०० फेऱ्यांवर एकेक मॅग्नेटो बंद करून पाहायचा. फेरे थोडे उतरले पाहिजेत, पण सव्वाशेपेक्षा जास्त नाहीत. अजिबातच उतरले नाहीत तर तेही वाईट, कारण मग तो मॅग्नेटो बंदच होत नाही, आणि जमिनीवर कुणी हाताने पंखा फिरवला तर इंजिन सुरू होऊ शकतं. समजा दीडशे उतरले. मागे तीन विमानं रांगेत, मनोऱ्यातून परवानगी आलेली, आजची पाळी गेली तर पुढची कधी याचा पत्ता नाही. परत फिरली तर प्रशिक्षक काय म्हणेल? हँगरमध्ये मेकॅनिक ‘प्लग थोडे साफ केले, काही नव्हतं’ असं हसत सांगेल का?

इंजिनाचा उरलेला सगळा भरवसा त्या काही सेकंदांत ठरतो, आणि त्या मुलीच्या कौशल्याशी त्याचा फारसा संबंध नाही. मागच्या वेळी परत फिरलेल्या मुलाशी संस्था कशी वागली, हे तिने पाहिलेलं असतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे अधिकारी संस्थांची तपासणी करतात तेव्हा तासांच्या वह्या, परवाने, प्रमाणपत्रं उलगडून बघतात. त्यांनी आणखी एक वही मागावी: धावपट्टीच्या तोंडापर्यंत जाऊन न उडता परत आलेल्या विमानांची, कारणासकट, आणि त्या वाया गेलेल्या वेळेचे पैसे विद्यार्थ्याकडून घेतले की नाही, या रकान्यासकट. हजारो तास उडणाऱ्या ज्या संस्थेत वर्षभरात अशी एकही नोंद सापडणार नाही, तिथे माझ्या ओळखीतलं मूल मी पाठवणार नाही.